आकाश काळे करण्यापूर्वी

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचे एक छायाचित्र जगभर गाजलेले आहे. ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे त्याचे नाव. झुडपांनी भरलेला माळ आणि त्यापलीकडे एक लहानसे खेडे. मातीच्या भिंतींची बसकी घरे, एक छोटे चर्च, जवळच दफनभूमीतले पांढरे क्रूस. दूरवर बर्फाचे माथे असलेली डोंगरांची रांग आणि तिच्यावर उजळ ढगांचा आडवा पट्टा. त्याच्या वर निम्म्याहून अधिक चित्र व्यापून राहिलेले आकाश, आणि त्या आकाशात एक लहानसा चंद्र. चित्रात आहे ते एवढेच.

हे चित्र मी दोन रूपांत पाहिले आहे. मूळ प्रती अमेरिकेतल्या संग्रहालयांत. माझ्या वाट्याला आल्या त्या पुस्तकांतल्या छापील प्रतिकृती. पण त्यांतूनही फरक लपत नाही. अ‍ॅडम्सने सुरुवातीच्या वर्षांत काढलेल्या प्रतीत आकाश करडे आहे, त्यात विरळ ढगांचे फराटे आहेत, आणि सारे खेडे मावळतीच्या मऊ उजेडात बसलेले आहे. पुढे वीस-तीस वर्षांनी त्यानेच काढलेल्या प्रतीत आकाश काजळासारखे काळे झाले आहे. फराटे गेले, करडेपणा गेला. उरला तो काळोख आणि त्यात ठसठशीत चंद्र. निगेटिव्ह मात्र एकच. कॅमेऱ्याची झडप उघडली ती एकदाच.

मग यांतले खरे चित्र कोणते?

मी शाळेत चित्रकला शिकवतो. हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतो, आणि दरवर्षी मी त्याला काहीतरी वेगळे उत्तर देतो. तेव्हा यंदा दिवाळी अंकाच्या निमित्ताने या प्रश्नाचा एकदा नीट विचार करावा असे ठरवले. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. कलेच्या इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. पण मोठ्या कॅमेऱ्याने निसर्गाची छायाचित्रे कशी घ्यावीत आणि अंधाऱ्या खोलीत ती कागदावर कशी उतरवावीत, हे मी एका चांगल्या माणसाच्या हाताखाली दोन वर्षे शिकलो आहे. या चित्राबद्दल मला जे म्हणायचे आहे ते त्या शिकण्यातूनच आलेले आहे. म्हणून आधी त्याविषयी थोडे सांगतो.

ही १९९७ सालची गोष्ट. वाईला आमच्या घरापासून जवळच एक जुना फोटो स्टुडिओ होता. त्याचे मालक साठीच्या पुढचे. सगळे गाव त्यांना आप्पा म्हणे. आप्पांच्या स्टुडिओत कोपऱ्यात सागवानी लाकडाचा एक फुलप्लेट कॅमेरा तिपाईवर उभा असे. त्याला चामड्याचा भाता होता आणि पितळेच्या नळीतले भिंग होते. पूर्वी शाळांचे ग्रुप फोटो याच कॅमेऱ्यावर निघत. पहिल्या रांगेत शिक्षक खुर्च्यांवर, मागे बाकांवर उभी पोरे, आणि काळ्या फडक्यात डोके घातलेले आप्पा. हे दृश्य आमच्या आधीच्या पिढीला पाठ असेल. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तेव्हा रंगीत रोल आले होते आणि त्या कॅमेऱ्यावर धूळ बसू लागली होती. मॅट्रिक होऊन मी रिकामाच होतो. आप्पा म्हणाले, “पोरा, ह्याच्यावर शिकलास तर बाकीचे कॅमेरे खेळणी वाटतील.”

पहिला महिनाभर त्यांनी मला फिल्मला हात लावू दिला नाही. कॅमेरा खांद्यावर टाकायचा, कृष्णेच्या घाटावर किंवा मेणवलीच्या वाटेवर न्यायचा, तिपाई रोवायची, आणि काळ्या फडक्याखाली शिरून दुधी काचेवर नुसते पाहायचे. ज्यांनी ती काच पाहिली नाही त्यांना सांगायला हवे की तिच्यावर जग उलटे पडते. आकाश खाली, जमीन वर; डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. पहिले काही दिवस डोके गरगरते. मग हळूहळू लक्षात येते की चित्र उलटे असल्यामुळेच देवळाला देऊळ आणि झाडाला झाड म्हणून डोळा सोडून देत नाही. तो नुसते आकार, उजेड आणि सावली पाहू लागतो. पाठीमागची काच किंचित कलती केली की पायाजवळचा दगड आणि मैलावरचा डोंगर एकाच वेळी स्पष्ट होतात, हेही तिथेच कळले.

संध्याकाळी परत आलो की आप्पा परीक्षा घेत. ती एकाच प्रश्नाची असे. “काचेच्या चार कोपऱ्यांत काय होतं, सांग.” मी मधल्या देवळाचे वर्णन करू लागलो की ते हात आडवा करीत. “देऊळ काय, कुणालाही दिसतंय. कोपरं सांग.”

फिल्मचे ताव मुंबईहून येत आणि ते महाग. महिन्याला चार ताव माझ्या वाट्याला येत. ते होल्डरमध्ये भरायचे तेही पूर्ण काळोखात; या फिल्मला लाल दिवासुद्धा चालत नाही. तावाच्या कोपऱ्याला कापलेल्या खाचा बोटांनी चाचपायच्या आणि त्यावरून सुलटी बाजू ओळखायची. ज्याच्या हातात महिन्याला चार ताव आहेत, तो झडप उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. हा कंजूषपणा हेच त्या शिक्षणाचे मर्म होते, असे आता वाटते.

कागदावर प्रत काढताना मात्र लाल दिवा चालतो. तीन थाळ्या, पहिलीत डेव्हलपर, दुसरीत आम्लाचे पाणी, तिसरीत हायपो. निगेटिव्ह आणि कागद काचेच्या चौकटीत एकमेकांवर दाबून वरून बल्बचा उजेड द्यायचा. म्हणजे प्रत निगेटिव्हएवढीच निघते. पांढऱ्या कागदावर चित्र हळूहळू उमटू लागते तो क्षण मोठा मोहाचा असतो, आणि आप्पांचा सगळा रोख त्या मोहावरच असे. लाल दिव्यात पाहून प्रत चांगली झाली असे म्हणायचे नाही; आणि बाहेर उजेडात आणली तरी ओली असताना म्हणायचे नाही. ओला कागद उजळ दिसतो, वाळला की एक छटा काळा पडतो. आप्पा म्हणत, “ओली प्रत नवरदेवासारखी. मांडवात सगळेच देखणे. दोन दिवसांनी बघ.” पुढे वाचनात आले की अ‍ॅडम्सलाही हीच अडचण होती, आणि त्याने उतारवयात चाचणीच्या प्रती झटपट वाळवून पाहण्यासाठी मायक्रोवेव्ह भट्टी वापरली. आप्पांकडे इस्त्री होती.

त्या अंधाऱ्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूला, एका इंग्रजी मासिकातून कापलेले चित्र चिकटवलेले होते. एक प्रचंड दगडी कडा, त्याच्या पायाशी बर्फ, आणि वर जवळजवळ काळे आकाश. अ‍ॅडम्सचे नाव मी तिथे प्रथम वाचले. चित्र होते ‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’. योसेमिटीच्या दरीतल्या कड्याचे ते चित्र त्याने १० एप्रिल १९२७ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी घेतले. आप्पांना त्याचा अभिमान वाटे तो एका वेगळ्याच कारणासाठी. “साडेसहा बाय साडेआठची काच होती त्याची. म्हणजे आपली फुलप्लेटच की रे!” ही गोष्ट खरी आहे. ज्या मापावर आमच्या शाळांचे ग्रुप निघाले, त्याच मापाच्या काचेवर हा कडा टिपला गेला.

त्या चित्राची हकीकत मी पुढे वाचली. अ‍ॅडम्स चार सोबत्यांबरोबर बर्फातून चढून गेला. त्या चौघांत त्याची भावी पत्नी व्हर्जिनियाही होती. त्याने बारा काचा नेल्या होत्या, पण कड्यासमोर पोहोचला तेव्हा दोनच शिल्लक होत्या. पहिली त्याने भिंगाला पिवळी काच लावून वापरली. ती वापरल्यावर त्याच्या ध्यानात आले की या चित्रात आकाश जसे डोळ्यांना दिसते तसेच, फिकट, येईल. कड्यासमोर उभे राहून मनाला जे वाटते आहे ते येणार नाही. मग त्याने गडद लाल काच लावली. लाल काच निळा उजेड अडवते. आकाश निळे असल्यामुळे ते काळवंडते आणि कड्याच्या सावल्याही खोल होतात. शेवटची काच त्याने तशी वापरली, आणि तीच अजरामर झाली. झडप उघडण्यापूर्वी पुरी झालेली प्रत मनात पाहायची, ही आपल्या कलेची पहिली पायरी आपल्याला त्या दिवशी सापडली, असे तो पुढे सांगत असे.

सतरा वर्षांच्या पोराला यातले काय कळणार? मला कळले ते एवढेच, की आकाश काळे केले म्हणजे चित्र मोठे होते.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पांडवगडाच्या पायथ्याशी असलेल्या चुलत्यांच्या रानात कॅमेरा लावला. पाऊस संपून हवा स्वच्छ झाली होती. समोर गड, त्याच्या खाली चुलत्यांचा हळदीचा तुकडा, विहीर, बांधावरचे दोन आंबे आणि एक खोप. ताव चांगला निघाला. पण मला दारावरचे चित्र हवे होते. बल्बखाली मी चौकटीवर पुठ्ठा धरला आणि ज्या भागाला जास्त उजेड मिळेल तो काळा होतो या न्यायाने आकाश काळे केले. मग खालचे रान फार उजळ वाटू लागले, लक्ष गडावरून खाली ओढू लागले. म्हणून तेही काळवंडून टाकले. उरला तो काळोखातून वर आलेला एकटा गड. मला वाटले, आपणही मोठे झालो.

भाऊबिजेच्या दिवशी ती प्रत मी चुलतीला दाखवली. तिने ती दाराशी उजेडात नेली, तिरकी धरली, पदराने पुसली, आणि म्हणाली, “गड झ्याक आलाय. पर आमचं रान कुठं हाय रं ह्यात?”

घरातली सगळी हसली. मीही हसलो. पण ते हसणे मला फार दिवस पुरले नाही. सुट्टी संपल्यावर प्रत आप्पांपुढे ठेवली आणि चुलतीचा प्रश्नही सांगितला. ते रागावले नाहीत. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “काचेच्या कोपऱ्यांत काय होतं?” मला एकही कोपरा सांगता आला नाही. त्या दिवशी फडक्याखाली मी गडाखेरीज काही पाहिलेच नव्हते. तेव्हा आप्पा दाराकडे बोट करून म्हणाले, “त्यानं आधी निळं आभाळ बघितलं, मग लाल काच लावली. तू आधी काळं चित्र बघितलंस, मग पुठ्ठा धरलास.”

आता ‘मूनराइज’कडे वळतो. आप्पांच्या त्या वाक्याचा खरा अर्थ मला या चित्रावरून कळला.

१९४१च्या शरदात अ‍ॅडम्स अमेरिकन सरकारच्या अंतर्गत खात्यासाठी छायाचित्रे घेत हिंडत होता. बरोबर आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट होते. दिवसभर मनासारखे काम झाले नव्हते. सांता फेकडे परत निघाला असता रस्त्याकडेला त्याला हे खेडे दिसले. मावळता सूर्य क्रुसांवर शेवटचा उजेड टाकत होता, आणि समोर चंद्र वर आलेला होता. त्याने गाडी थांबवली आणि आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा घाईने उभा केला. पण उजेड मोजण्याचे यंत्र काही केल्या सापडेना.

इथे मास्तर म्हणून मला या माणसाचे विशेष कौतुक वाटते. त्याला चंद्राचे तेज पाठ होते: दर चौरस फुटाला २५० कँडल. त्याची फिल्म ६४ वेगाची. ६० कँडलचा पृष्ठभाग मध्यम करडा यावा असे हिशेबाने ठरते. त्याच्या दुप्पट १२०, त्याच्या दुप्पट सुमारे २५०. म्हणजे चंद्र करड्याच्या दोन पायऱ्या वर, उजळ पण तपशील न हरवलेला येईल. भिंगावर गडद पिवळी काच होती, तिच्यामुळे उजेड तिप्पट द्यायचा. भिंगाचे छिद्र बत्तीसवर बारीक केलेले. हे सगळे गुणून एक सेकंद आले. पाढे पाठ असलेल्या मुलाने चटकन उत्तर द्यावे तसा त्याने तो सेकंद दिला. होल्डर उलटा करून दुसरा ताव वापरू म्हणाला, तोवर क्रुसांवरचे ऊन गेले होते. एकच ताव हाती लागला. पाठांतराची थट्टा करण्याची आज रीत आहे. तिने हे चित्र हाती लागले नसते.

गमतीचा भाग असा की ज्याला चंद्राचे तेज पाठ होते त्याला चित्राची तारीख आठवत नसे. वेगवेगळ्या ठिकाणी त्याने वेगवेगळी साले सांगितली. शेवटी ज्योतिर्विदांनी चंद्राच्या जागेवरून गणित केले. १९९१ साली डेनिस दि चिको याने निश्चित केलेली वेळ अशी: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे आणि २० सेकंद. आपल्याकडची दिवाळी होऊन गेली होती. तो चंद्र कार्तिकाच्या शुद्ध पक्षातला, पौर्णिमेच्या अलीकडचा.

ही वेळ वाचकांनी लक्षात ठेवावी. पाच वाजायला दहा मिनिटे आहेत आणि क्रुसांवर ऊन आहे. काळ्या आकाशाची प्रत पाहणाऱ्या बहुतेकांना मात्र ते रात्रीचे चित्र वाटते.

निगेटिव्ह अवघड होती. चंद्र आणि ढग ठसठशीत, पण खालचा माळ आणि घरे फार पातळ उतरणार हे त्याला ठाऊक होते. म्हणून ती त्याने सौम्य डेव्हलपरमध्ये थोडा वेळ, मग नुसत्या पाण्यात थोडा वेळ, अशी दहा वेळा बुडवली. पाण्यात असताना उजळ भागातले औषध लवकर संपते आणि तिथले काम थांबते. सावलीच्या भागात ते सावकाश चालू राहते. तरीही जमिनीचा भाग अशक्तच राहिला. १९४८ साली त्याने निगेटिव्हचा फक्त खालचा भाग पुन्हा औषधात धरून दाट करून घेतला. त्यानंतरच्या प्रतींत झुडपे, घरे आणि क्रूस अधिक स्पष्ट झाले. आणि प्रत्येक दशकागणिक, पुठ्ठा फिरवून फिरवून, आकाश अधिकाधिक काळे होत गेले. या एका तावावरून त्याने तेराशेच्या वर प्रती काढल्या असे सांगतात.

अ‍ॅडम्स मुळात पियानो वाजवणारा. संगीत हाच आपला व्यवसाय असे तो तरुणपणी धरून चालला होता. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहून ठेवलेली रचना आणि प्रत म्हणजे तिचे वादन, अशी उपमा तो देत असे. आपल्याला ही उपमा समजायला परदेशी जायला नको. बंदिश तीच, गायकी निराळी. एकच गवई तीच बंदिश तिशीत एका तऱ्हेने आणि साठीत दुसऱ्या तऱ्हेने गातो, आणि त्याला कोणी खोटे म्हणत नाही.

ही उपमा मला मान्य आहे. पण तिच्या आधाराने जे सरसकट सांगितले जाते ते मान्य नाही. उत्तरकाळच्या काळ्या प्रती म्हणजे परिपक्वता आणि सुरुवातीच्या करड्या प्रती म्हणजे चाचपडणे, असे बहुतेक जण समजतात. मला या दोन प्रतींत दोन वेगळी चित्रे दिसतात. पहिल्या प्रतीत एक विशिष्ट संध्याकाळ आहे. ढगांचे फराटे आहेत म्हणून वारा आहे. आकाश करडे आहे म्हणून दिवस अजून संपलेला नाही. त्या घरांत आता चुली पेटतील, कोणी गुरे आत घेईल असे वाटते. चंद्र त्या खेड्याचा आहे. दुसऱ्या प्रतीत वेळच नाहीशी झाली आहे. तो चंद्र कोणत्याही काळाचा, ते खेडे कोणत्याही माणसांचे. क्रूस जास्त झळकतात, म्हणून मृत्यूची जाणीव जास्त होते. पण जगण्याची खूण कमी होते. अ‍ॅडम्सने संध्याकाळ दिली आणि अनंतकाळ घेतला.

हा सौदा वाईट झाला असे मी म्हणत नाही. दुसरी प्रत पाहताना छातीत जे धस्स होते ते पहिली पाहताना होत नाही. जगाच्या भिंतींवर दुसरीच लागणार. पण मी कादंबऱ्या लिहितो. मला त्या चुली हव्या असतात. मला जवळची वाटते ती पहिली. आणि माझे म्हणणे असे की ज्या अर्थी सौदा आहे, त्या अर्थी त्याला किंमत आहे, आणि टीकेचे काम ती किंमत सांगणे हे आहे. आकाश काळे झाल्याने काय मिळाले हे सगळे सांगतात. काय गेले हे कोणीतरी सांगायला हवे.

परंतु यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. अ‍ॅडम्सने जे ढग सोडून दिले ते त्याने पाहिले होते. त्या फराट्यांशी तो तीस-चाळीस वर्षे अंधाऱ्या खोलीत झुंजला. ते निगेटिव्हमध्ये आहेत, कागदावर कसे उतरतात, चंद्राच्या आड कसे येतात, हे त्याला बोटांनी ठाऊक होते. माझ्या गडाच्या चित्रात मी जे काळे केले ते मी पाहिलेच नव्हते. वरवर दोन्ही प्रती सारख्याच दिसतील, दोन्हींत आकाश काळे. पण एकाने टाकून दिले आणि दुसऱ्याने हरवले. टाकण्याचा अधिकार आधी पाहिल्यावाचून मिळत नाही, एवढीच या साऱ्या शिक्षणातून मला झालेली प्राप्ती.

अ‍ॅडम्सने स्वतःही पुष्कळ विद्यार्थी शिकवले. १९४०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या एका कलाशाळेत फ्रेड आर्चर याच्या साहाय्याने त्याने ‘झोन सिस्टिम’ बसवली. काळ्याकुट्टापासून शुभ्रापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या कल्पायच्या, आणि समोरच्या दृश्यातला प्रत्येक भाग कोणत्या पायरीवर बसवायचा हे झडप उघडण्यापूर्वी ठरवायचे. पद्धत सोपी आणि शास्त्रशुद्ध आहे. तिच्यावर पुढे अनेकांनी कोरडे गणित म्हणून टीका केली. मला वाटते त्यांनी तिचा अर्धाच भाग पाहिला. पायऱ्या मोजायच्या म्हणजे सावलीत काय आहे, उन्हात काय आहे, हे एकेक करून पाहावे लागते. ती पद्धत म्हणजे आप्पांचा चार कोपऱ्यांचा प्रश्नच आहे, फक्त आकड्यांत मांडलेला.

आज माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी मोबाइल आहेत. एका बोटाने आकाश काळे होते, दुसऱ्या बोटाने सोनेरी. मी त्यांना त्याबद्दल रागे भरत नाही. पुठ्ठा काय आणि बोट काय, काम एकच. मी फक्त त्यांना बोट लावण्यापूर्वी विचारतो, “कोपऱ्यांत काय आहे?” मुले कंटाळतात. काही मुले मात्र थांबून पाहतात.

आप्पा गेले. स्टुडिओच्या जागी दुसरेच दुकान आले. चुलत्यांचे रान २००९ साली विकले गेले. आता तिथे प्लॉट पडून घरे झाली आहेत. विहीर बुजवली, आंबे तोडले. यंदा मे महिन्यात सामान आवरताना फिल्मच्या एका जुन्या डब्यात तो ताव सापडला. उजेडाकडे धरून पाहिला तर सगळे जागच्या जागी होते. प्रतीवर मी जे काळोखात बुडवले होते ते तावाने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे जपून ठेवले होते. खालच्या उजव्या कोपऱ्यात तर खोपेपाशी वाळत घातलेले एक लुगडे होते. ते मी प्रथमच पाहिले.

कागद आणि औषधे मागवली. शाळेच्या अडगळीच्या खोलीत खिडकीला काळे कापड लावले, थाळ्या मांडल्या, आणि पुठ्ठ्याला हात न लावता सरळ प्रत काढली. ती वाळू दिली. दोन दिवसांनी चुलतीकडे घेऊन गेलो. ती आता ऐंशीच्या घरात आहे, दिसते कमी. तिने प्रत पुन्हा दाराशी नेली. बोट ठेवून ठेवून एकेक सांगू लागली: ही विहीर, हा खालचा आंबा, ही खोप, हे लुगडे. लुगड्यापाशी तिचे बोट बराच वेळ थांबले. मग तिने प्रत जरा लांब धरली, मान कलती केली आणि म्हणाली, “समदं आलंय बघ. पर आभाळ लई फिकं पडलंय. गड उठत न्हाई.”

तिचे म्हणणे बरोबर होते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या खोलीत गेलो, पुठ्ठा हातात घेतला, रान झाकले, आणि आकाशाला आणखी चार सेकंद दिले.